एडविन मोझेस : तेरा पावलांचा हिशेब

फक्कीची_रेघ

९ वर्षं, ९ महिने, ९ दिवस. सलग १२२ विजय. ४०० मीटर हर्डल्सचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, विषय निघाला की अमेरिकेच्या एडविन मोझेसचे हे आकडे कुणी ना कुणी फेकतंच. मला दुसऱ्याच एका आकड्याबद्दल लिहायचंय. तो आकडा १३.

ज्यांनी ही शर्यत कधी नीट बघितली नाही त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. ट्रॅकचा एक पूर्ण फेरा, त्यात दहा हर्डल्स. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. पहिलं हर्डल ४५ मीटरवर, नंतर दर ३५ मीटरला एक, आणि दहावं ओलांडल्यावर अंतिम रेषेपर्यंत ४० मीटर. धावपटू हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी उडतो आणि मीटरभर पलीकडे उतरतो. मध्ये उरतात बत्तीसेक मीटर. ते किती पावलांत कापायचे, या एका प्रश्नावर ही सगळी शर्यत उभी आहे.

पावलं विषम ठेवली, १३ किंवा १५, की दर वेळी तोच पाय हर्डलवर पुढे जातो. १४ ठेवली की पाय बदलतो, आणि दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने हर्डल घेणारे फार थोडे. सुरुवातीला दम असतो तेव्हा १३ जमतात. सहाव्या-सातव्या हर्डलपाशी मांड्या भरून येतात, पाऊल आखूड होतं आणि तेच अंतर १३ मध्ये बसेनासं होतं. म्हणून मोझेसच्या आधीचे मोठमोठे लोकही मधेच पावलं वाढवायचे. ब्रिटनच्या डेव्हिड हेमरीने १९६८ साली मेक्सिको सिटीत ४८.१२ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो सहाव्या हर्डलपर्यंत १३ आणि पुढे १५ पावलांनी. युगांडाचा जॉन आकी-बुआ दोन्ही पायांनी हर्डल घेणारा. त्याने १९७२ ला म्युनिकमध्ये सगळ्यात आतल्या लेनमधून, म्हणजे सगळ्यात तीव्र वळणाच्या लेनमधून, ४७.८२ सेकंदांत शर्यत मारली.

मोझेसने पावलं वाढवलीच नाहीत. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत १३. नऊ अंतरं, ११७ पावलं. बाकीचे सातव्या-आठव्या हर्डलपाशी १५ वर आले की हा १३ वरच. टीव्हीवर वाटायचं की त्याने वेग वाढवला. प्रत्यक्षात तो फक्त इतरांइतका मंदावत नसे.

हा माणूस घडला तेही ऐकण्यासारखं आहे. जन्म ३१ ऑगस्ट १९५५, ओहायो राज्यातलं डेटन. आई-वडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात तो गेला तो अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर, खेळाच्या नव्हे. विषय भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंग. मोरहाउस म्हणजे मार्टिन ल्युथर किंग ज्युनियर यांचं कॉलेज. नाव मोठं, पण स्वतःचा ट्रॅक नाही! मोझेस आसपासच्या सरकारी शाळांच्या ट्रॅकवर सराव करायचा. तोवर तो ११० मीटर हर्डल्स आणि साधी ४०० मीटर पळत होता. मार्च १९७६ पर्यंत ४०० हर्डल्स तो आयुष्यात एकदाच पळला होता.

त्याच वर्षी जुलैत माँट्रियल ऑलिंपिक. त्याची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. डोळ्यांवर रंगीत चष्मा, गळ्यात चामड्याची दोरी, वय २०. निकाल : ४७.६४, विश्वविक्रम. दुसरा आला त्याचाच देशबंधू माइक शाइन, ४८.६९. एका सेकंदाहून जास्त फरक. जिथे निकाल शंभराव्या भागाने लागतात तिथे १.०५ सेकंद म्हणजे मागचा माणूस फोटोतही मावत नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ४७.४५. आणि त्याच वर्षी २६ ऑगस्ट १९७७ ला बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीच्या हाराल्ड श्मिटने त्याला हरवलं. पुढच्याच आठवड्यात ड्युसेलडॉर्फला मोझेसने श्मिटला चांगलं पंधरा मीटरने मागे टाकलं, आणि तिथून ती प्रसिद्ध मालिका सुरू झाली.

मालिकेच्या मधोमध एक भोक आहे. ३ जुलै १९८० ला मिलानमध्ये मोझेसने ४७.१३ चा नवा विक्रम केला. तीन आठवड्यांनी मॉस्कोत ऑलिंपिकची फायनल झाली, पण अमेरिकेचा बहिष्कार. पूर्व जर्मनीच्या फोल्कर बेकने ४८.७० मध्ये सुवर्ण नेलं. बेकचा यात काय दोष म्हणा, तो आला, पळला, जिंकला. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला दर वेळी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर साहेबांचा राग येतो.

१९८२ दुखापत आणि आजारपणात गेलं. १९८३ ला हेलसिंकीत पहिलीवहिली जागतिक स्पर्धा, तिथे सुवर्ण. त्याच ३१ ऑगस्टला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, कोब्लेंझमध्ये ४७.०२. हा विक्रम जवळजवळ नऊ वर्षं टिकला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये उद्घाटनाला खेळाडूंची शपथ त्याच्याकडे होती आणि अर्ध्यात तो शब्द विसरला. अडखळत कशीबशी पूर्ण केली. शर्यतीत अडखळला नाही, ४७.७५, दुसरं सुवर्ण. मॉस्को हुकलं नसतं तर तिसरं.

४ जून १९८७, माद्रिद. डॅनी हॅरिस ४७.५६, मोझेस ४७.६९. मालिका संपली. अडीच-तीन महिन्यांत रोमला जागतिक स्पर्धा होती आणि तिथली फायनल ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी शोधून पाहाच. मोझेस ४७.४६, हॅरिस ४७.४८, श्मिट ४७.४८. तिघं एका रेषेत. दहा वर्षांपूर्वी ज्याने हरवलं तो आणि नुकतंच ज्याने हरवलं तो, दोघं दोन बाजूंना, आणि नुकतीच बत्तिशी गाठलेला हा मध्ये.

शेवट सोलला. १९८८, आंद्रे फिलिप्स ४७.१९, सेनेगलचा अमादू दिया बा ४७.२३, मोझेस ४७.५६, कांस्य. लोक म्हणतात वय झालं होतं. वेळा बघा. माँट्रियलचं सुवर्ण ४७.६४, लॉस एंजेलिसचं ४७.७५. तेहतिसाव्या वर्षी तिसरा आला तेव्हा तो आपल्या दोन्ही सुवर्णांपेक्षा जोरात पळला होता. शर्यत त्याच्या पुढे गेली, आणि ती पुढे नेणारी ही सगळी मुलं त्याच्याकडे बघत मोठी झालेली.

जाणकारांनी भर घालावी. विरोधही चालेल.

---

खारेदाणे

वा! मजा आली वाचताना. आमची उडी क्रिकेटपर्यंतच, त्यामुळे एक बाळबोध प्रश्न. हर्डल पडलं तर माणूस बाद होतो का? मी व्हिडिओत बघितलं, काही जण धडाधड पाडत जातात आणि तरी जिंकतात.

---

जुनीशिट्टी

खारेदाणे, बाद होत नाही. मुद्दाम हाताने पाडलं किंवा पाय हर्डलच्या बाजूने, वरच्या पट्टीच्या खालून नेला, तर बाद. नुसता धक्का लागून पडलं तर शिक्षा एवढीच की वेग जातो. हल्लीची हर्डल्स इंग्रजी एल आकाराची असतात, पायथा धावपटूच्या बाजूला, त्यामुळे धक्का बसला की पुढे कलंडतात. पूर्वी उलट्या टी सारखी जड असायची, त्यावर आपटलेला माणूस सहज विसरत नसे.

आणि पूर्वी नियमही वेगळा होता. १९३२ चं लॉस एंजेलिस. आयर्लंडचा बॉब टिसडॉल ४०० हर्डल्स जिंकला, पण शेवटचं हर्डल त्याच्याकडून पडलं. त्या वेळी हर्डल पाडणाऱ्याचा विश्वविक्रम धरत नसत. सुवर्ण टिसडॉलला आणि विश्वविक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावावर! असा न्याय मी पंचगिरीच्या इतक्या वर्षांत दुसरीकडे पाहिला नाही.

मी शाळेत पीटी शिकवायचो. मूळ धाग्यातल्या पावलांच्या मुद्द्याला दुजोरा देतो. पोरांना हर्डलची भीती उंचीमुळे वाटते असं पालक समजतात. उंची दोन दिवसांत अंगवळणी पडते. खरी अडचण हर्डलच्या आधीच्या चार-पाच पावलांत असते. पोरगं जोरात येतं, अंदाज चुकतो, मग बारीक बारीक पावलं टाकत जवळ येतं आणि जागच्या जागी उडी मारतं. आम्ही याला पावलं तोडणं म्हणायचो. एकदा पावलं तोडली की कमावलेला वेग शून्य. म्हणून मी आधी हर्डल काढून टाकायचो आणि जमिनीवर फक्कीच्या नुसत्या रेघा मारून पळवायचो. पावलं बसली की मग हर्डल उभं करायचं.

मोझेस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही पावलं तोडत नसे. हे दमलेल्या अवस्थेत करणं काय असतं ते एकदा पळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

---

तिरकिट_धुम

मैदानाशी संबंध नाही, पण तबला वाजवतो, म्हणून विषमचा मुद्दा लगेच कळला. लय कितीही चढू दे, समेवर हात तोच पडला पाहिजे. मधे मात्रा वाढवून समेवर आलात तर आलात खरे, पण ऐकणाऱ्याला कळतं.

प्रश्न : वळणावर डावा पाय पुढे असलेला बरा की उजवा? शर्यत घड्याळाच्या उलट्या दिशेने असते ना?

---

जुनीशिट्टी

तिरकिट, डावा. डावा पाय पुढे गेला की आतल्या रेघेला चिकटून पळता येतं. उजवा पुढे असेल तर मागून येणारा डावा पाय वळणावर हर्डलच्या बाहेरून जाण्याचा धोका, म्हणजे बाद होण्याचा. म्हणून उजव्या पायाचे लोक लेनच्या मधून जातात आणि दर वळणाला थोडं थोडं जास्त अंतर पळतात.

---

तिसरा_पंच

लेख चांगला आहे, पण भक्तिभाव जरा जास्त झालाय. काही गोष्टी नोंदवतो.

१२२ मध्ये फायनल १०७ आहेत, उरलेल्या प्राथमिक फेऱ्या. प्राथमिक फेरीत मोझेससारखा माणूस हरणार कुणाकडून?

माँट्रियलला आकी-बुआ नव्हताच. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला म्हणून आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला, त्यात युगांडाही. म्हणजे गतविजेता आणि विश्वविक्रमवीर गैरहजर असताना मिळालेलं ते सुवर्ण. मॉस्कोबद्दल कार्टरवर राग काढायचा तर माँट्रियलबद्दलही कुणाचा तरी राग यायला हवा.

आणि १९८२ ला श्मिटने अथेन्सला युरोपियन स्पर्धेत ४७.४८ केलं तेव्हा मोझेस पळतच नव्हता. श्मिट सर्वोत्तम फॉर्मात असताना समोर आलाच नाही असंही कुणी म्हणू शकेल.

---

फक्कीची_रेघ

तिसरा पंच, तुमची वाटच पाहत होतो. :)

फायनल १०७ हे बरोबर. नुसत्या १०७ म्हणा, मला चालेल. दहा वर्षं १०७ फायनलमध्ये एकदाही पाय न घसरणं, एकदाही पोट न बिघडणं, एकदाही समोरच्याचा दिवस नसणं. हर्डल्समध्ये सगळ्यात वेगवान माणूसही दहातल्या एकाला अडकून पडू शकतो. साध्या ४०० मध्ये अशी मालिका झाली असती तर मी एवढा लांबलचक लिहिलाच नसता.

आकी-बुआबद्दल माझं तुमच्याशी दुमत नाही. तो नव्हता याची हळहळ मलाही आहे, आणि पुढे इदी अमीनच्या युगांडात त्याची जी परवड झाली, देश सोडून केनियात निर्वासित व्हावं लागलं, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पण मोझेसची वेळ आकी-बुआच्या विक्रमापेक्षा सरस होती. तो असता तर शर्यत चुरशीची झाली असती, निकाल बदलला असता असं ठामपणे म्हणायला आधार कमी.

श्मिटचं मात्र पटत नाही. बरोबर पाच वर्षांनी रोममध्ये श्मिटने पुन्हा तेच केलं, ४७.४८, शंभराव्या भागापर्यंत अगदी तेच. म्हणजे अथेन्सचा श्मिट आणि रोमचा श्मिट एकच. आणि त्या श्मिटच्या पुढे मोझेस होता. ०.०२ ने का होईना.

---

तिसरा_पंच

रोमचा मुद्दा बिनतोड आहे. बाकी मतभेद कायम. :)

---

मिनीमोगरा

मी इतका वेळ वाट बघतेय की लॉस एंजेलिस १९८४ आणि ४०० हर्डल्स म्हटल्यावर पी. टी. उषाचं नाव कोण काढतंय. कुणीच नाही?

त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० हर्डल्स पहिल्यांदा ठेवली गेली. मोझेसची फायनल ५ ऑगस्टला, उषाची ८ ऑगस्टला, त्याच ट्रॅकवर. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल ५४.६१, अमेरिकेची जूडी ब्राउन ५५.२०, रुमानियाची क्रिस्टिआना कोजोकारू ५५.४१, आणि उषा ५५.४२. एक शतांश सेकंद. आमच्या घरी आजही टीव्हीवर शर्यतीचा फोटो फिनिश दाखवला की आई म्हणते, छाती पुढे टाक गं. कुणाला म्हणते ते सांगायला लागत नाही.

तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार सरांनी तिला या शर्यतीकडे वळवलं तेही त्याआधी फार काळ नव्हे. हर्डल्सचा अनुभव तिच्या गाठीला थोडाच होता. मोझेसचंही तसंच, फक्त त्याच्यामागे एक सेकंदाचा फरक होता आणि तिच्यापुढे एका शतांशाचा.

आणखी एक. ते ५५.४२ भारतात तब्बल ३९ वर्षं कुणाला गाठता आलं नाही. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विथ्या रामराजने प्राथमिक फेरीत नेमकं तेवढंच केलं, ५५.४२. फायनलमध्ये ५५.६८ आणि कांस्य. विक्रम मोडला नाही, बरोबरी झाली.

---

खारेदाणे

मिनीमोगरा, ३९ वर्षं! हे वाचून अभिमान वाटावा की वाईट ते कळेना.

---

मिनीमोगरा

दोन्ही. उषाबद्दल अभिमान, मधल्या ३९ वर्षांबद्दल वाईट.

---

स्पाइक_१२

नव्या पिढीच्या वतीने. नॉर्वेचा कार्स्टन वारहोल्म, टोकियो ऑलिंपिक, ३ ऑगस्ट २०२१, ४५.९४. मोझेसच्या कोब्लेंझपेक्षा १.०८ सेकंद कमी, म्हणजे मोझेसचा सर्वोत्तम दिवस घेऊन टोकियोत उतरवला तरी तो आठ-नऊ मीटर मागे. दुसरा आलेला राय बेंजामिन ४६.१७, तिसरा ब्राझीलचा आलिसन दोस सान्तोस ४६.७२. त्या दिवशीचं कांस्य केव्हिन यंगच्या २९ वर्षं टिकलेल्या विक्रमापेक्षाही चांगलं होतं. मान्य करा, काळ बदलला.

---

फक्कीची_रेघ

स्पाइक, घड्याळाशी कोण भांडणार. ४५.९४ हे ४५.९४ आहे. ती शर्यत मी पण तोंडाचा आ वासून पाहिली.

फक्त एवढं लक्षात घ्या. केव्हिन यंगने १९९२ ला बार्सिलोनात ४६.७८ करून मोझेसला मागे टाकलं ते पावलं कमी करून. चौथ्या आणि पाचव्या हर्डलआधी तो १२ पावलांत आला, म्हणजे पाय बदलून. मोझेसच्या हिशेबातलंच पुढचं गणित. तेही शेवटचं हर्डल ठोकरून आणि रेषेच्या आधीच हात वर करून! त्यानंतर २९ वर्षं कुणी तिथे पोहोचलं नाही. आणि मग वर्षभरातच तीन माणसं एकदम त्याच्या पलीकडे गेली. तिघं एकाच वेळी असामान्य होते हे खरंच, पण ट्रॅकही नवा होता आणि बुटांत कार्बनची पट्टी होती. वारहोल्मने स्वतःच प्रतिस्पर्ध्यांच्या जाड फोमच्या बुटांवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि पट्टी त्याच्याही बुटात होतीच.

मला वेगवेगळ्या काळातल्या वेळा शेजारी ठेवण्यापेक्षा त्याच काळातल्या माणसांमधलं अंतर बघायला आवडतं. २०२४ ला पॅरिसमध्ये बेंजामिनने वारहोल्मला हरवलं. म्हणजे ४५.९४ वाला माणूसही तीन वर्षांत हरतो. मोझेस तसा हरायला जवळजवळ दहा वर्षं लागली.

---

स्पाइक_१२

हं. पॅरिसमध्ये वारहोल्म ४७.०६ होता. बघायला गेलं तर मोझेसच्या ४७.०२ पेक्षा मागे. हे लिहिताना माझंच बोट थबकलं.

---

ओहायोकर

डेटनच्या जवळच राहतो. इथे एडविन सी. मोझेस बुलेवार्ड नावाचा चांगला लांब रस्ता आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ डेटनचं बास्केटबॉलचं मोठं स्टेडियम त्यावरच. आमच्या नकाशावाल्या बाई दर शनिवारी ते नाव घेतात आणि मुलांना वाटतं हे बायबलमधले मोझेस. मी परवा हा धागा उघडून त्यांना पावलांचं गणित समजावलं. धाकट्याने लगेच पार्किंगमध्ये ३५ मीटर मोजून पळून पाहिलं, बावीस पावलं झाली.

एक विचारायचं होतं. त्या काळी हे लोक हौशी मानले जायचे ना? मग दहा वर्षं पोट कशावर भरलं?

---

फक्कीची_रेघ

ओहायोकर, हा भाग मूळ लेखात घालायचा होता, लांबी बघून काढला. आता सापडलात तर ऐका.

नियम असा की ऑलिंपिकला जायचं तर खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्यक्षात युरोपातल्या मोठ्या स्पर्धांचे आयोजक टेबलाखालून पाकिटं द्यायचे आणि हे सगळ्यांना माहीत होतं. खेळाडूने खरं बोलावं तर बंदी, खोटं बोलावं तर धंदा चालू. पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांत खेळाडू सरकारी नोकरीत, काम पळण्याचं, कागदावर मात्र तेही हौशी.

मोझेस जनरल डायनॅमिक्समध्ये इंजिनिअर होता. १९७९ ला तिथून रजा घेऊन तो पूर्ण वेळ पळायला लागला. आणि मग त्याने या ढोंगावर जाहीर बोलायला सुरुवात केली. खेळाडूंसाठी ट्रस्ट फंडाची जी व्यवस्था आली, म्हणजे जाहिरातीचे आणि शर्यतींचे पैसे उघडपणे फंडात जमा व्हावेत, सरावाचा आणि राहण्याचा खर्च त्यातून निघावा आणि तरी ऑलिंपिकची पात्रता राहावी, ती आणण्यात त्याचा मोठा वाटा. १९८१ ला तिला मान्यता मिळाली. आज नीरज चोप्रा जाहिरातीत दिसतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, त्याच्या मुळाशी असले खटाटोप आहेत.

माझं मत विचाराल तर मोझेसची ही कामगिरी १२२ पेक्षा मोठी आहे. शर्यत जिंकून फायदा त्याला एकट्याला झाला. हा नियम बदलल्याचा फायदा ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नाही अशांना झाला.

---

तिसरा_पंच

याला मात्र बिनशर्त +१. सोलनंतर त्याने उत्तेजकांविरुद्धही काम केलं. स्पर्धेबाहेर, न सांगता अचानक चाचणी घेण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात तो पुढे होता. नंतर अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अध्यक्षही झाला. १९८८ चं सोल म्हणजे उत्तेजक सापडून १०० मीटरचं सुवर्ण गमावलेल्या बेन जॉन्सनचं सोल, त्यामुळे वेळही तीच होती.

---

जुनीशिट्टी

आपल्याकडचं थोडं. ४०० हर्डल्समध्ये तमिळनाडूच्या धरुण अय्यासामीने २०१८ ला जकार्तात आशियाई रौप्य घेतलं, ४८.९६, आणि २०१९ ला ४८.८० केलं. मोझेसच्या माँट्रियलपासून अजून सेकंदभर दूर, पण माँट्रियलच्या रौप्याच्या अगदी जवळ. हे मी पोरांना मुद्दाम सांगायचो.

११० मीटर हर्डल्समध्ये मात्र महाराष्ट्राचं नाव चांगलं आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगळायाचा २०१७ चा राष्ट्रीय विक्रम होता १३.४८. तो २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये तेजस शिरसेने १३.४१ करून मोडला. तेजस आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला. आणि त्याही आधी, १९६४ ला टोकियोत गुरबचनसिंग रंधावा याच शर्यतीत पाचवे आले होते, ते आपण विसरलोच आहोत.

११० मध्ये पावलांचा वाद नाही. हर्डल्समधलं अंतर ९.१४ मीटर, पावलं तीन, सगळ्यांची तीनच. तिथे प्रश्न ती तीन किती झटपट पडतात एवढाच. मोझेस आधी ११० पळायचा हे लेखात आलंय. मला वाटतं त्याची सफाई तिथली. ४०० चे अनेक जण हर्डलवरून उडी मारतात, तो हर्डलवरून नुसतं पाऊल टाकल्यासारखा जायचा.

---

मिनीमोगरा

जुनीशिट्टी सर, पोरांना रेघांवर पळवायची तुमची पद्धत आमच्या सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात वापरू का? मुलं आठ ते अकरा वर्षांची. हर्डल्स नाहीत, आणायला पैसेही नाहीत.

---

जुनीशिट्टी

अवश्य वापरा ताई. रेघा सहा-सात मीटरवर मारा आणि मुलांच्या उंचीप्रमाणे दोन-तीन गट करून प्रत्येकाला वेगळं अंतर द्या, सगळ्यांना एकच अंतर दिलंत तर बुटकी पोरं पावलं तोडायला शिकतील. रेघ बसली की दोन विटांवर एक हलकी काठी. काठी बांधायची नाही, पाय लागला की पडली पाहिजे.

---

खारेदाणे

धागा छान रंगलाय. विकिपीडियावर डोकावलो तर तिथे मोझेसच्या नावापुढे बॉबस्ले दिसतंय. बर्फातली ती घसरगाडी? हे मध्येच कुठून आलं?

---

फक्कीची_रेघ

बरोबर वाचलंत. ट्रॅक सोडल्यावर तो बॉबस्लेत गेला आणि १९९० ला जर्मनीत विंटरबर्गच्या विश्वचषक शर्यतीत ब्रायन शायमरबरोबर दोघांच्या गाडीत कांस्य घेतलं. बॉबस्लेत सुरुवातीचा धक्का देणारा माणूस जोरात पळणारा लागतो, म्हणून तिकडे अनेक धावपटू जातात. त्यानंतर १९९४ ला पेपरडाइन विद्यापीठातून एमबीए. पुढे लॉरियस या नामवंत खेळाडूंच्या क्रीडा अकादमीचा अध्यक्षही होता.

बर्फावर किती पावलं टाकून गाडीत उडी मारायचा ते मात्र मोजलेलं कुठे सापडलं नाही. तिसरा पंच शोधतील.

---

तिसरा_पंच

कामाला लागलो.